दुकालूदादाची खोली

दुकालूदादाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दहा-बारा माणसांना एकाच वेळी सरकवत होता.

त्याचं असं झालं. माझं लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता. माहेर पोंभुर्ण्याकडचं, धानवाल्यांचं. घर मातीचं, पण अंगण असं ऐसपैस की दोन बैलबंड्या समोरासमोर आल्या तरी अडायच्या नाहीत. ह्यांना चांद्याच्या एका लाकूड डेपोत नोकरी लागली होती आणि पठाणपुरा दरवाजाच्या आत एका चाळीत ह्यांनी खोली ठरवली होती. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणायचे. पेटी, वळकटी आणि आईनं दिलेलं तांदळाचं पोतं घेऊन आम्ही भर दुपारी चाळीसमोर उतरलो, दार ढकललं, तर खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत हिरड्याची पोती!

चाळीचा मालक जंगलमालाचा व्यापारी होता. हिरडा, बेहडा, चारोळी, डिंक असा माल तो खेड्यापाड्यांतून गोळा करायचा आणि भाव चढेपर्यंत चाळीच्या टोकाच्या खोल्यांत भरून ठेवायचा. खोली ठरवताना त्याच्या दिवाणजींनी ही गोष्ट ह्यांना सांगितली नव्हती.

"माल हाय, उद्या-परवा निघनच," दिवाणजी पान चघळत म्हणाले. "तोवर कुठी बी राहा."

"कुठी राहू?"

"चांदा काय लहान गाव हाय?" असं म्हणून ते छत्री उघडून चालते झाले.

मी पेटीवर बसले आणि डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात शेजारच्या दारातून एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस बाहेर आला. एका कानात चांदीची बारी, गुडघ्यापर्यंत धोतर, आणि डोळ्यांच्या कडांना काजळाची बारीक रेघ. ते काजळ नव्हतं, कोळसा होता, हे मला नंतर कळलं. खाणीत उतरणाऱ्याच्या पापण्यांतून तो कितीही धुतला तरी निघत नाही. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं आणि मागं वळून आपल्या खोलीत आवाज दिला,

"सरका रे, सरका जरा! बहीन आली हाय."

आत अंधारात हालचाल सुरू झाली. कोणी चटई गुंडाळली, कोणी भांडी उचलली, कोणी झोपलेल्याला पाय धरून ओढलं. चुटकीसरशी दाराजवळचा खोलीचा तुकडा मोकळा झाला. दुकालूदादानं एक दोरी बांधली, माझ्याकडून एक लुगडं मागून घेतलं आणि पडद्यासारखं तिच्यावर टाकलं. झाला आमचा संसार सुरू.

ती खोली कशी होती हे आता माझ्या नातवंडांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. चाळीची पाठ थेट शहराच्या जुन्या परकोटाला, म्हणजे तटाच्या भिंतीला लागलेली, त्यामुळं मागच्या अंगाला खिडकी नाही. वर काळे पडलेले कवेलू, म्हणजे कौलं. धूर जायला वाट एकच, ती म्हणजे दार, आणि माणसं यायलाही तेच. कोळशाची शिगडी पेटली की सगळी चाळ डोळे पुसत अंगणात येऊन उभी राहायची. अंगणात एक विहीर, तिच्यावर सगळ्यांचा मिळून एक दोर, आणि पलीकडे पत्र्याचे संडास. तिथल्या रांगेत उभं राहून मी तेलुगू शिकले आणि छत्तीसगढीही. कारण चाळीत राहणारे आम्हा दोघांसारखे झाडीपट्टीतले थोडे, बाकी सगळे बाहेरचे. कोणी सिरोंच्यापलीकडून गोदावरी ओलांडून आलेले, कोणी रायपूर-बिलासपूरकडून. खाणीत, आरागिरणीत, डेपोत काम करायचे आणि रात्री जिथं जागा मिळेल तिथं अंग टाकायचे.

दुकालूदादाच्या खोलीत अंग टाकायचीही पाळी असे. खाणीचा भोंगा झाला की निम्मी माणसं उठून कामावर जायची आणि कामावरची येऊन त्यांच्याच चटयांवर पडायची. चटया कधी गार व्हायच्या नाहीत. माणसं सगळी बिनबायकांची, म्हणजे बायका गावी ठेवून आलेली. त्यांच्यात मी एक नवी नवरी! लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. दुकालूदादानं त्यावरही तोड काढली. त्यानं हुकूम सोडला की पडद्याजवळून जाणाऱ्या प्रत्येकानं आधी खोकायचं.

मग काय विचारता! येताना खोकणार, जाताना खोकणार, पाणी प्यायला उठला की खोकणार. पोचम नावाचा एक तेलुगू गडी होता, आडदांड, मिशाळ, पण मनाचा इतका भिडस्त की तो लांबूनच खोकायला सुरुवात करायचा आणि पडदा ओलांडून पलीकडे गेल्यावरही बराच वेळ थांबायचा नाही.

त्याच आठवड्यात गावात पटकीची साथ होती म्हणून लस टोचणारे साहेब चाळीत आले. दारात उभे राहिले आणि आतून येणारा तो खोकल्यांचा कल्लोळ ऐकून दोन पावलं मागं सरले.

"इथं किती माणसं राहतात?" त्यांनी नाकाला रुमाल लावून विचारलं.

"आत्ता का?" दुकालूदादा म्हणाला.

"आत्ता म्हणजे?"

"म्हंजे भोंग्याच्या आधी का भोंग्याच्या नंतर?"

साहेबांनी कपाळावर हात मारला. "आणि हे सगळे खोकतात कशाला?"

"बाई हाय ना साहेब, इथी," दुकालूदादानं पडद्याकडे बोट दाखवून समजावलं. त्या बिचाऱ्यांना वाटलं, बाईपासून साथ पसरली आहे. मला बाहेर बोलावून जीभ पाहिली, नाडी पाहिली. मी हसू दाबता दाबता रडायच्या बेताला आले. शेवटी ह्यांनी डेपोतून येऊन उलगडा केला, तेव्हा साहेब इतके हसले की लस टोचताना त्यांचा हात हलू लागला. पोचमला मात्र लस टोचण्याआधीच घेरी आली.

पुढं आमच्या खोलीतली पोती हलली, म्हणजे पलीकडच्या खोलीत जाऊन बसली, आणि आम्ही दुकालूदादाचे शेजारी झालो. मी त्याला दादा म्हणू लागले ते तेव्हापासूनच.

तो बिलासपूरकडच्या एका खेड्यातला. दुष्काळात जन्मला म्हणून आईनं नाव दुकालू ठेवलं. "नावातच अकाल हाय बाई, मले कायले कमी पडन?" असं म्हणून स्वतःच हसायचा. खाणीत कोळशाचे डबे ढकलायचं काम करायचा. जेवण म्हणजे बासी, रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी खायचा तो भात, कांदा आणि हिरवी मिरची. आम्हीही शिळा भात ताकात कालवून खाणारे, त्यामुळं खाण्यावरून आमचं चांगलं जमलं. मी केलेल्या कोणत्याही भाजीला तो "हव, मस्त" म्हणायचा. एकदा मीठ टाकायचं राहून गेलं तरीही "हव, मस्त" म्हणाला, आणि मिठाची बरणी स्वतःच मुकाट्यानं उचलून नेली.

सुट्टीच्या दिवशी दुसरे बाजारात जायचे, दुकालूदादा चांदाफोर्ट स्टेशनवर जायचा. गोंदियाकडून छोटी गाडी यायची. फलाटावर बसून तो उतरणाऱ्यांचे चेहरे पाहायचा. डोक्यावर गाठोडं, पायात काही नाही, आणि कुठं वळावं हे न कळून जो माणूस थांबला तो ह्याचा पाहुणा. त्याला घेऊन यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "सरका रे, सरका जरा!"

आतले कुरकुरायचे. एकदा पोचमही बोलला, "दादा, आता सरकून भिंतीत जाऊ का?"

"भिंतीच्या मागं परकोट हाय, नाईतर तिकडं बी सरकवलं असतं तुले," दादा म्हणाला.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं, गढूळ झालं. दुकालूदादानं स्टेशनवरून आणलेला मंगलू नावाचा एक जवान गडी त्या पाण्यानं आजारी पडला. दोन दिवस त्याच्या पोटात काही ठरेना. दादानं त्याला पाठीवर घालून दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. इरई नदीवर त्याला पोचवून माणसं परत आली. मंगलूची जागा दाराजवळ होती. त्या दिवशी एवढी दाटी असूनही दादानं तिथं कोणाला पडू दिलं नाही. स्वतः अंगणात बसून राहिला. मी चहा नेऊन दिला तर म्हणाला, "बाई, मी आनलं नसतं त्याले तर तो दुसरीकडं गेला असता. नाई का?"

दुसऱ्या दिवसापासून तो विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय कोणाला पिऊ देईना. पण स्टेशनवर जाणं त्यानं सोडलं नाही.

तर असा हा माणूस, आणि त्याची स्वतःची बायको गावी होती. नाव सुकवारो. शुक्रवारी जन्मलेली म्हणून सुकवारो. लग्नानंतर वर्षभरातच हा चांद्याला आला, आणि तेव्हापासून "फागुनात आनतो", "दिवाळी झाली का आनतो" हेच चाललं होतं. वर्षातून एकदा जाऊन भेटून यायचा. मी एकदा विचारलं, "दादा, वहिनीले काऊन नाई आनत?"

"आनतो ना बाई. खोली जरा खाली होऊ दे."

ती खोली खाली कशी होणार? भरणारा तोच होता.

एका माघात त्याच्या गावचा एक माणूस गाडीनं आला. म्हातारा, तोंडाचा फाटका. आल्या आल्या अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं निरोप सांगितला. "दुकालू, सुकवारोनं सांगितलंय. होळीच्या आत न्यायला आलास तर ठीक. नाहीतर ती दुसऱ्याच्या हातची चुडी घालणार. पाहुणा पाहून ठेवलाय तिच्या भावानं."

त्यांच्याकडे नवऱ्यानं टाकलेली बाई दुसऱ्याच्या हातची चुडी घालून त्याचं घर करू शकते, हे आम्हाला तोवर माहीत झालं होतं. विहिरीवरच्या बाया दोर तसाच धरून उभ्या राहिल्या.

दुकालूदादा हसला. "गंमत करते ते," म्हणाला. "सरका रे, काकाले बसाले जागा द्या." म्हाताऱ्याला बसवलं, त्याला जेवू घातलं, कामावर गेला. पण त्या दिवशी त्याची बासी तशीच राहिली.

त्याची पाळी सुरू होती तेवढ्यात पोचमनं खोलीतल्या सगळ्यांना गोळा केलं. काय बोलले ते मी ऐकलं नाही, कारण ते कुजबुजत होते, आणि एवढे गडी कुजबुजतात तेव्हा काहीच समजत नाही. थोड्या वेळानं एकेकजण आपली चटई, आपलं गाठोडं, आपलं जर्मनचं भगोणं घेऊन निघाला. कोणी आरागिरणीच्या शेडमध्ये गेला, कोणी दुसऱ्या कोणाच्या पडवीत. पोचमनं जाताना खोली झाडली. त्याला झाडताना पाहून मी हातातला झाडू काढून घ्यायला गेले, तर म्हणाला, "वद्दु अक्का, राहू दे. एवढी वर्सं आमी घान केली."

दुकालूदादा काळा होऊन परतला. दारातून सवयीनं आत डोकावला आणि तिथंच थांबला. खोली रिकामी. जमीन दिसत होती. मला वाटतं, त्या खोलीची जमीन त्यानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

"बाई, कुठी गेले सगळे?"

"वहिनीले आना म्हनून गेले," मी म्हणाले.

तो आत गेला, मधोमध उभा राहिला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून पाहिलं. मग बाहेर येऊन पायरीवर बसला. थोड्या वेळानं उठून तो पोचमला शोधायला गेला. ह्यांनी सांगितलं की आरागिरणीच्या शेडमध्ये जाऊन त्यानं पोचमशी मोठं भांडण केलं. "मले इचारल्याबिगर कसे गेले?" म्हणून त्याच्या अंगावर धावून गेला आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला. दुसऱ्या दिवशी खाणीतून रजा घेतली आणि छोट्या गाडीनं निघाला. जाताना दार नुसतं ओढून घेतलं. कुलूप त्या खोलीला कधी नव्हतंच.

आम्ही बायांनी मिळून खोली सारवली. भिंतीला चुना दिला. मी दारासमोर रांगोळी काढली. वहिनी येणार म्हणून आम्हालाच जास्त घाई झाली होती.

आणि ज्या दिवशी ते यायचे, त्याच दिवशी सकाळी पोचम धावत आला. त्याच्या मागं एक माणूस, आणि त्या माणसाच्या खांद्याला रेलून चालणारी, नऊ महिने भरलेली बाई. पोचमच्याच गावची माणसं. बांबूतोडीच्या कामावर निघाली होती, वाटेतच तिला कळा सुरू झाल्या. तिचे ओठ पांढरे पडले होते. आम्ही बायांनी एकमेकींकडे पाहिलं. माझ्या खोलीत गावाहून आलेल्या सासूबाई तापानं पडलेल्या, दुसऱ्यांच्या खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही. झाडलेली, सारवलेली, रिकामी अशी खोली सगळ्या चाळीत एकच होती. कोणी काही ठरवलं नाही. कोणीतरी दार ढकललं, आणि आम्ही तिला आत घेतलं.

दुपार कलताना दुकालूदादा आला. नवं धोतर, खांद्यावर पेटी, आणि मागं सुकवारो. उंच, सावळी, हातभर चांदीची कडी, कपाळावर गोंदण. चालण्यात असा तोरा की चाळ तिच्या बापाची असावी. दादा वाटेतच तिला सांगत येत होता, "पूरी खोली आपली. पूरी. कोनी नाई."

तेवढ्यात आतून बाळ रडलं.

दादाचा पाय पायरीवर तसाच राहिला. पोचमनं तोंड फिरवलं. मी सांगायला पुढं झाले, पण सुकवारो थांबली नाही. तिनं गाठोडं खाली ठेवलं, दार लोटलं, आत डोकावून पाहिलं. नव्या चुन्याच्या भिंतीला टेकून ती बाई पडली होती, कुशीत लाल गोळा. सुकवारोनं नवऱ्याकडे वळून विचारलं,

"मोर बर जघा कहाँ हे?"

म्हणजे, माझ्यासाठी जागा कुठं आहे? आवाज चढलेला नव्हता. इतक्या वर्षांनी आणलेली बायको, आणि आता ती गाठोडं उचलून स्टेशनचा रस्ता धरणार, असं मला अगदी स्पष्ट दिसू लागलं.

"खरंच खाली होती," दादा पुटपुटला. "जाताना मी पाहून गेलो. देवाशप्पथ."

सुकवारोनं त्याच्याकडे इतका वेळ टक लावून पाहिलं की तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. मग तिनं पदर खोचला, आत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही सगळे बाहेर. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं आणि तिचा हात बाहेर आला. हातात रिकामी बादली. "पानी," ती म्हणाली. "गरम." बादली घ्यायला तीन गडी एकदम धावले.

बाळाचं बारसं होईपर्यंत ती त्या बाळंतिणीपाशी राहिली. तिला शेकलं, बाळाला न्हाऊ घातलं. एकीला तेलुगू येत होती, दुसरीला छत्तीसगढी, तरी दोघींचं दिवसभर बोलणं चालायचं. आणि दुकालूदादा, ज्यानं बायकोसाठी खोली मिळवली होती, तो अंगणात पोचमच्या शेजारी चटई टाकून झोपायचा. चाळीनं त्याची जी चेष्टा केली! पण तो खूश होता. सकाळी दारावर टकटक करून बासीचा वाडगा मागायचा आणि तो घेऊन पायरीवर खात बसायचा.

बाळंतीण नवऱ्याबरोबर कामावर निघून गेली आणि सुकवारोचा संसार लागला. तिनं पहिला नियम केला, खोलीत परकी माणसं नाहीत. दादानं मान डोलावली. दुसऱ्याच सुट्टीला स्टेशनवरून दोघांना घेऊन आला आणि दारात उभा राहून डोकं खाजवू लागला.

ती रागावली नाही. बाहेर आली, चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि नुकत्याच कानावर पडलेल्या मराठीत विचारलं, "त्या खोलीत कोन राहते?"

"कोनी नाई. हिरडा हाय," मी म्हणाले.

"अन् तिच्या बाजूले?"

"तिथी बी हिरडाच."

"मानसं बाहेर अन् हिरडा आत?"

चाळीत आम्ही सगळे इतकी वर्षं एकमेकांना सरकवत होतो, पण त्या पोत्यांना सरका म्हणायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सुकवारो बायांना घेऊन दिवाणजींकडे गेली. दिवाणजींनी तिला उडवून लावलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला दिवाणजी भडकले आणि म्हणाले की फार बोललात तर शेठजी चाळच मोकळी करून घेतील, मग बसा परकोटावर जाऊन. त्या धमकीनं निम्म्या बाया गप्प झाल्या. मीही घाबरले. पावसाळा तोंडावर होता, चांद्यात खोली मिळणं मुश्कील. ह्यांनी मला बजावलं, "तू त्या भानगडीत पडू नको."

आणि एके सकाळी शेठजी स्वतःच आले. पांढरी टोपी, हातात काठी, मागं दिवाणजी. "कोण आहे ती बाई?" त्यांनी विचारलं.

सुकवारो पुढं होणार, तेवढ्यात दुकालूदादा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. पाळीवरून नुकताच आला होता, अंगावर अजून कोळसा. दादा कधी कोणाशी वर तोंड करून बोललेला मी पाहिला नव्हता. खाणीतल्या मुकादमापुढंही तो हात जोडूनच उभा राहायचा. आताही त्यानं हात जोडले.

"माझी बायको हाय शेठजी. काय बोलाचं ते मले बोला."

"चाळ माझी आहे, माल माझा आहे. तुला जागा पुरत नसेल तर दुसरीकडे जा."

"जाईन. पन मी गेलो तरी गाडी त येतच राहीन ना शेठजी? मानसं उतरतच राहतीन. एवढ्याशा जागेत कितीक मावतीन? मागच्या साली एक पोरगा मेला आमचा." त्यानं जोडलेले हात सोडले नाहीत. "आमी सगळे सरकून सरकून भिंतीले लागलो. आता तुमी थोडे सरका."

दिवाणजी काहीतरी बोलायला गेले, शेठजींनी काठी वर करून त्यांना थांबवलं. दादाच्या खोलीत डोकावले, पडवीतल्या चटया पाहिल्या, विहिरीत वाकून पाहिलं. परत येऊन त्या पोत्यांच्या दाराशी उभे राहिले. तोंडावर राग तसाच होता, पण काठी खाली आली होती.

"एक खोली रिकामी करून द्या यांना," ते दिवाणजींना म्हणाले. "भाडं वेळेवर पाहिजे."

"अन् दुसरी?" मागून सुकवारो म्हणाली.

शेठजींनी दुकालूदादाकडे पाहिलं, जणू काय करावं या बाईला असं विचारत असावेत. दादानं खांदे उडवले. "दुसरीचं पुढं पाहू," म्हणून शेठजी निघून गेले. दुसरी खोली काही मिळाली नाही. पण एक मिळाली, आणि त्याच संध्याकाळी पोचम आणि बाकीचे गडी पोती वाहताना अशी गाणी म्हणत होते की दारावरून जाणारे लोक लग्न आहे का म्हणून विचारत होते.

आणखी दोन-तीन वर्षं आम्ही त्या चाळीत काढली. सुकवारोला दोन मुली झाल्या. ती मराठी शिकली ती थेट भांडणाचीच, गोड बोलायचं शिकायचं राहून गेलं. मग ह्यांची बदली एटापल्लीकडे झाली आणि आम्ही जंगलात राहायला गेलो. सुरुवातीला जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर निरोप यायचे, पुढं तेही कमी झाले.

दुकालूदादाला मी शेवटचं पाहिलं ते महाकालीच्या यात्रेत. चैत्राचं ऊन, झरपट नदीच्या पात्रात माणसांचा समुद्र, चुली पेटलेल्या, पोरं हरवलेली, कोणाच्या अंगात आलेलं. पाय ठेवायला जागा नव्हती. धाकट्याला कडेवर घेऊन मी सावली शोधत होते, तर एका मोठ्या चिंचेखाली, इतक्या गर्दीत, थोडी मोकळी जागा दिसली. तिथं एक माणूस पाय लांब पसरून, हात दोन्हीकडे फेकून, गाढ झोपला होता. केस पांढरे झालेले, कानात चांदीची बारी. डोकं बायकोच्या मांडीवर.

सुकवारो पदरानं त्याला वारा घालत होती. एक कुटुंब गाठोडी घेऊन तिथं टेकायला आलं, तशी तिनं डोळे वटारले.

"तिकडं बसा," ती म्हणाली. "झोपला हाय तो."

ते लोक पुढं गेले. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं, आणि पोराला घेऊन उन्हातूनच पलीकडे निघाले.